बुधवारचा उपवास कोणाचा?

शनिवार, ५ फेब्रुवारी १९८३

काड्यांनी खाणं जमलं नाही! दोनदा शेवया मांडीवर पडल्या, तिसऱ्यांदा पडद्यावर. शेवटी वेटरनं न मागता चमचे आणून ठेवले. म्हणजे आमच्यासारखे रोजच येत असणार.

कल्पना सिंधूची. सदरला 'न्यू पेकिंग' नावाचं चिनी हॉटेल उघडून चार महिने झाले, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या सगळ्या पोरी जाऊन आल्या, आपणच दोघी काहून मागे, म्हणाली. सकाळची पाळी दोनला सुटली. कानावरचे हेडफोन काढले नि सरळ सायकल-रिक्षा. घरी 'ओव्हरटाइम आहे' असं सांगून ठेवलं होतं. नऊ वर्षं ट्रंक बोर्डावर शेजारी-शेजारी बसतो आम्ही. ती गोंदिया घेते, मी अकोला. पण बाहेर बसून असं जेवलो कधी नव्हतो.

फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा खोका आणि त्याला पडदा. वर लाल कागदाचा कंदील. मेनू कार्डावर सत्तर पदार्थ, कळला एकही नाही. सिंधूनं धडाधड सांगितलं — सूप, फ्राइड राइस, चॉप्सी. जणू तिचं आजोळच पेकिंगचं! मी वेटरला तीनदा बजावलं, अंडं नको, मटण नको, त्याचा चमचासुद्धा नको. तो हो-हो करत होता, पण अशा हो-होवर माझा विश्वास नाही. मग सिंधू स्वतः उठली, आत मुदपाकखान्यात जाऊन सांगून आली. 'घे बाप्पा, आता निवांत खा. आचारी ओळखीचा आहे.' तिची ओळख कुठे नसते!

चॉप्सी खरंच छान होती. कुरकुरीत, आंबटगोड. दोघींनी एका ताटात खाल्ली. एका ताटात — सिंधू गजभिये आणि मी! वीस वर्षांपूर्वी आमच्या महाल भागात हे कोणी ऐकलं असतं तर मला उंबरठ्यावरच आंघोळ घातली असती. काळ बदलला तो असा. येताना स्वतःचं जरा कौतुकच वाटलं.

रविवार, ६ फेब्रुवारी

ओव्हरटाइमचं बिंग फुटलं. यांच्यासाठी लपवून आणलेलं पार्सल सासूबाईंना फडताळात सापडलं.

'हे काय वं, गांडुळं?' मग बोटानं उचलून एक चाखलं. मग दुसरं. मग विचारलं, 'आचारी कोण तिथला?' मी म्हणाले, चिनी असेल, कलकत्त्याहून आणला म्हणतात. 'चिनी म्हणजे कोणत्या जातीचा?' हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, 'आई, चीनमध्ये जाती नसतात.' सासूबाईंनी विचार केला. 'मग हरकत नाही,' म्हणाल्या, आणि वाटी घेऊन बसल्या.

बुधवार, १६ फेब्रुवारी

सिंधूनं परत जेवायला बोलावलं. आज संध्याकाळी. तिच्या आईनं — अंजनाबाईंनी — पाटवड्या केल्या आहेत म्हणे. 'माय म्हणते, तुह्या त्या मैत्रिणीले एकदा आण वं, नऊ वर्षं झाली नुसतं नाव ऐकून राहिली मी.'

मी म्हणाले, अगं, आज माझा उपवास.

'बुधवारचा? कोणाचा?'

आता बुधवारी कोणाचा उपवास असतो? सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार गजानन महाराजांचा, शुक्रवार संतोषी मातेचा. बुधवारी मला देवच आठवेना! 'पांडुरंगाचा,' ठोकून दिलं. सिंधू माझ्याकडे पाहत राहिली. मग हसली. 'आमच्यात उपवासच नाही बाप्पा, म्हणून मले समजत नाही. पण तुहे देव तुले जेवू कधी देते?'

तेवढ्यात अकोल्याचा दिवा लागला. सुटले.

माझ्या मनात तसं काही नाही हे इथं लिहून ठेवते. सिंधू माणूस म्हणून लाख आहे. छप्पन साली तिच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ती सहा वर्षांची, त्यांच्या खांद्यावर बसून सगळा सोहळा पाहिला, हे मला किती कौतुकानं सांगते, आणि मीही किती कौतुकानं ऐकते! प्रश्न माझा नाहीच. प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या म्हातारीला या वयात कशाला दुखवायचं?

शनिवार, ५ मार्च

परत न्यू पेकिंग. आता पहिला शनिवार ठरवूनच टाकला. (शनिवारचा मारुती मी म्हणूनच कधी धरत नाही.) सिंधू आत जाऊन सांगून आली. अंडं नाही, तेलाला वास नाही, सगळं लखलखीत. हॉटेल असावं तर असं! शेजारच्या खोक्यातले कोणी ओरडत होते, सुपात कोंबडीचं हाड निघालं म्हणून. आपल्याला कधी निघालं नाही बुवा. सांगण्याची पद्धत लागते. येताना सासूबाईंसाठी पार्सल घेतलं, आता त्याच वाट पाहतात.

सोमवार, २१ मार्च

डायरीच्या शेवटच्या पानावर लिहायला सुरुवात केली — सिंधूला कोणत्या तारखेला कोणता उपवास सांगितला. गेल्या आठवड्यात चतुर्थी दोनदा आली होती. तिच्या लक्षात आलं नसावं.

शनिवार, ७ मे

ऊन मी म्हणतंय. न्यू पेकिंगमध्ये कूलर बसवला म्हणून तिथं दोन तास काढले. सिंधूला आज कोंबडी हवी होती, तिनं आपली वेगळी मागवली. माझं वेगळं आलं, माझ्या पसंतीचं, तिनं न सांगता. इतक्या गिऱ्हाइकांत आचाऱ्याला माझी आवड लक्षात आहे! यांना घरी येऊन सांगितलं. पंधरा वर्षं झाली लग्नाला, यांना अजून माहीत नाही मला भेंडी आवडत नाही ते.

परवा हळदीकुंकवाला मुद्दाम विषय काढला. म्हटलं, मी तर आमच्या सिंधू गजभियेबरोबर एका ताटात जेवते. बायकांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. एकीनं विचारलं, 'तिच्या घरी?' मी म्हणाले, चिवडा फार छान झालाय तुमचा.

गुरुवार, ९ जून

डब्याच्या वेळी सिंधूनं ठेचा पुढे केला. माझ्या डब्यातलं मी तिला रोज देते, त्यात मी कधी हात आखडला नाही. तिचा डबा पुढे आला की नेमका माझ्या बोर्डावर दिवा लागतो. आज लागला नाही. तरी उठले आणि पाहून आले.

रविवार, २६ जून

आपण वर्ल्ड कप जिंकलो! सकाळपासून बोर्डावर नुसते अभिनंदनाचे ट्रंक कॉल. कोण कोणाचं अभिनंदन करून राहिलं कळत नव्हतं. सिंधूनं पेढे वाटले. पेढा खाल्ला. दुकानाचा होता, पाहिलं मी.

शुक्रवार, २२ जुलै

सिंधूचं घर झालं! इंदोऱ्याला, स्वतःचं, वर गच्ची. नऊ वर्षं बाई एका पावसाळी चपलेवर काढते याचा मला आता उलगडा झाला. अठ्ठावीस ऑगस्टला, रविवारी, घरभरणी. सगळ्या सेक्शनला जेवण. सुपरवायझर येणार, प्यून येणार, रात्रपाळीच्या पोरीसुद्धा.

मला तिनं वेगळं बाजूला घेऊन सांगितलं. हसत नव्हती. 'वत्सला, या वेळेला उपवास नको सांगू. माय आता थकली. तू आली नाही तर मी काय समजायचं, ते आजच सांगून ठेव.'

मी म्हणाले, वेडी आहेस का, येणार म्हणजे येणार! तिचा हातसुद्धा दाबला. आणि खरं सांगते, त्या क्षणी मला जायचंच होतं.

मंगळवार, १६ ऑगस्ट

यांना विचारलं, काय करू? हे म्हणाले, 'सरळ सांगून टाक ना, की बौद्धांच्या घरी जेवायचं नाही म्हणून. निदान बिचाऱ्या देवांना तरी सुटी मिळेल.'

काय हे बोलणं! एका शिक्षकाच्या तोंडी! मी म्हणाले, मला काही नाही, तुमच्या आईचं काय? हे म्हणाले, 'आईला विचारलंस?' विचारायचं काय त्यात? दिसतं की.

सोमवार, २२ ऑगस्ट

पंचांगात सापडलं! श्रावणातले रविवार — आदित्य राणूबाई. सूर्याचं व्रत. खोटं नव्हे, शास्त्रातलं आहे, कहाणीसुद्धा आहे. सिंधूला सांगितलं, सासूबाईंनी धरायला लावलंय गं, नाही म्हणता येईना.

गोंदियाचा दिवा लागून राहिला, तो सिंधूनं घेतला नाही. मग म्हणाली, 'केळं तर चालते ना? काकडी? तुह्यासाठी वेगळं ठेवतो. काही खाऊ नको, पण ये. उंबरठ्याच्या आत ये फक्त.'

मी म्हणाले, पाहते. 'पाहते' म्हणताना मला माझीच इतकी चीड आली की घरी येऊन यांच्यावर ओरडले. यांनी काहीच केलं नव्हतं.

शनिवार, २७ ऑगस्ट

ठरलं. जायचं. पाच मिनिटं बसायचं, एक केळं खायचं, नारळ ठेवायचा, अंजनाबाईंना नमस्कार करायचा नि परतायचं. केळं सालीतलं असतं. यात कोणाला काय म्हणता येईल? साडी काढून ठेवली, मोरपंखी.

रविवार, २८ ऑगस्ट

कुठून सुरू करू?

सकाळी दहाला काटोलचे भाऊजी टपकले. धाकटे दीर, बँकेत आहेत, तोंडाला खीळ नाही. 'वहिनी, तुमच्या त्या चिनी हॉटेलचं फार ऐकलं, आज आम्ही तेच खाऊन जाणार!' हे म्हणाले चला. आणि सासूबाई म्हणाल्या, मीही येते! मी म्हटलं, अहो, चातुर्मास, तुम्ही कांदा सोडलाय. तर म्हणाल्या, त्यात पातीचा कांदा असतो, पात म्हणजे पालाच. शास्त्र असं घरीच असलं की बरं पडतं.

मी मनाशी हिशेब केला. एकला हॉटेल, तीनला इंदोरा. हे लोक घरी जातील, मी रिक्षा करून सिंधूकडे. राहिला उपवास, तर तो सिंधूला सांगितलेला, न्यू पेकिंगला नव्हे.

वेटर नेहमीचेच, नत्थूजी. मी रुबाबात सांगितलं, नेहमीचं आणा, पाच जागी. भाऊजींसमोर जरा मिरवलेही, इथं मला ओळखतात म्हणून. (पाचवी प्लेट भाऊजींची दुसरी.) ताटं आली. मी पहिला घास घेतला. जरा वेगळा लागला. दुसरा घेतला. तेवढ्यात सासूबाई ताटावर वाकून म्हणाल्या, 'वत्सला, हे पिवळं-पिवळं काय आहे?'

अंडं! श्रावणात, रविवारी, राणूबाईच्या दिवशी, माझ्या पोटात दोन घास अंडं!

मी जी उठले! काय काय बोलले, पडद्याबाहेरची माणसं उभी राहून पाहायला लागली. सहा महिने येते, कधी असं झालं नाही, आजच काय धाड भरली, तुमच्या त्या चिन्याला बाहेर बोलवा!

नत्थूजी हात जोडून म्हणाले, 'बाई, चिना कुठला? मालक तेवढा कलकत्त्याचा. तुमचं तर देवराव करत जाय. तो आज सुट्टीवर आहे, घरी कार्यक्रम आहे त्याच्या. नव्या पोराले माहीत नव्हतं.' मग म्हणाले, 'तुमच्यासाठी त्यानं घरून कढई आणून ठेवली आहे ना. वेगळी. अंड्या-मटणाची नाही. तिले आम्हाले हात नाही लावू देत. सिंधूताईचा भाऊ तो, तुम्हाले माहीत नाही?'

मला माहीत नव्हतं. भाऊ हॉटेलात आहे, हे सिंधूनं केव्हातरी सांगितलं होतं. कोणत्या, ते मी विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत विचारलं नव्हतं.

भाऊजींनी चमचा खाली ठेवला. मी सासूबाईंकडे पाहिलं. म्हटलं, आता ही म्हातारी आंघोळ करते की इथंच आडवी होते. त्यांनी ताट पुढे सरकवलं, पदरानं बोटं पुसली.

'फेब्रुवारीपासून खाऊन राहिलो त्या पोराच्या हातचं,' म्हणाल्या. 'काय झालं? काही नाही झालं. हाताला चव आहे त्याच्या.' मग नत्थूजींना विचारलं, 'आज त्याच्या घरी जेवण आहे का?'

'आहे ना माय. मोठं आहे.'

'मग चला तिकडेच. इथं अंड्यात बसण्यापेक्षा बरं. मला भूक लागली आहे.'

हे उठले. भाऊजी उठले. सासूबाई चपला शोधायला लागल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते, मी पुढे व्हावं म्हणून. माझंच तर बोलावणं होतं.

मी म्हणाले, आता कसं जायचं? मी उपवास सांगितलाय.

'कोणता उपवास?' सासूबाई.

राणूबाईचा.

'तो आणि कोणी धरायला लावला तुला?'

मी पदर सारखा करत राहिले. हे खाली बघत होते. यांना कळलं होतं. मला वाटतं सासूबाईंनाही त्याच क्षणी कळलं, कारण पुढे त्यांनी विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, 'बरं. चला घरी.'

घरी येऊन वरणभात लावला. कोणी धड जेवलं नाही. तीन वाजले, चार वाजले, मोरपंखी साडी तशीच अंगावर. रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. आता जाऊन काय तोंड दाखवू, असं म्हणत संध्याकाळ केली. इतकी वर्षं म्हातारीच्या नावावर पावत्या फाडल्या, आणि म्हातारी तर चपला घालून तयार होती! नाही म्हणणारी एकटी मीच होते. मला माझी लाज वाटते. कढई घरून नेताना कोणी घासून दिली असेल, अंजनाबाईंनी? हे सारखं डोक्यात येतंय.

उद्या सिंधूला सगळं खरं सांगणार आहे. पाय धरीन, पण सांगीन.

सोमवार, २९ ऑगस्ट

पोटात दुखतंय म्हणून रजा टाकली. दुखत नव्हतं.

मंगळवार, ३० ऑगस्ट

बोर्डावर बसताना सिंधूनं विचारलं, 'उपवास नीट पार पडला काय वं?' नत्थूजींनी देवरावला सांगितलं असणार, देवरावनं तिला. तिला सगळं माहीत होतं, आणि माहीत आहे हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. थांबली होती ती, मी काय बोलते म्हणून.

मी 'हो' म्हणाले.

'बरं, मॅडम,' म्हणाली, आणि हेडफोन लावून गोंदिया घेतला. नऊ वर्षांत तिनं मला मॅडम कधी म्हटलं नव्हतं.